पोटाचा आजार आणि हाडांची काळजी: आयबीडी असलेल्या मुलांच्या आई-वडिलांचे नेहमीचे प्रश्न

सांगलीत औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट म्हणून काम करताना मला सतरा वर्षं झाली. गेली सहा वर्षं मी काउंटरच्या पलीकडचीही झाले आहे, कारण माझ्या लेकीला नवव्या वर्षी क्रोन्सचं, म्हणजे आतड्याच्या सुजेच्या आजाराचं, निदान झालं. मिरजेपासून पुण्यापर्यंत दवाखान्यांच्या बाकड्यांवर बसून जे आई-वडील भेटले, दुकानात फाईल घेऊन जे आले, त्यांनी पुन्हा पुन्हा विचारलेले प्रश्न इथे घेतले आहेत. डोस तुमचे डॉक्टरच ठरवतील. त्यांच्यासमोर बसल्यावर काय विचारायचं, हे मात्र इथून नेता येईल.

आजार पोटाचा, मग डॉक्टर हाडांचं का विचारतात?

पहिल्यांदा मलाही हे कळलं नव्हतं. लेकीला जुलाब, पोटदुखी, वजन उतरलेलं, आणि डॉक्टर विचारत होते, "पाठ दुखते का? कधी हाड मोडलंय का?"

आयबीडी म्हणजे इन्फ्लमेटरी बॉवेल डिसीज, आतड्याला वर्षानुवर्षं राहणारी सूज. त्यात मुख्य आजार दोन. अल्सरेटिव्ह कोलायटिस मोठ्या आतड्यात राहतो, तर क्रोन्स तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही होऊ शकतो. ही सूज आतड्यापुरती थांबत नाही. सुजलेल्या जागेतून टीएनएफ-अल्फा, इंटरल्यूकिन-६ अशी रसायनं रक्तात उतरतात आणि हाड बांधणाऱ्या पेशींचं काम मंदावतं. हाड जिवंत असतं. जुनं झिजतं, नवं बसतं, आणि वाढत्या वयात झिजण्यापेक्षा बसणं जास्त असावं लागतं. सूज असली की हे बसणंच कमी पडतं. म्हणूनच काही मुलांची हाडं निदानाच्या दिवशीच, स्टेरॉइडची एकही गोळी पोटात गेलेली नसताना, कमी भरलेली सापडतात.

त्यात भर पडते ती उपासमारीची. पोट दुखतं म्हणून मूल जेवत नाही, आणि जेवलेलं नीट शोषलं जात नाही. ड जीवनसत्त्व स्निग्ध पदार्थांबरोबर शोषलं जातं. त्यासाठी पित्तातले क्षार लागतात, आणि ते क्षार परत शोषून घेण्याचं काम लहान आतड्याच्या शेवटच्या भागाचं. क्रोन्सची आवडती जागा नेमकी तीच. मूल दमलेलं असतं, खेळत नाही, स्नायू बारीक होतात. ज्या हाडाला स्नायू ओढत नाहीत ते हाड मजबूत व्हायचं कसं? वयात येणंही लांबतं, म्हणजे हाडांना मिळणारं हार्मोन्सचं बळ उशिरा मिळतं. स्टेरॉइड या सगळ्याच्या वर.

म्हणून दुकानात येणाऱ्या प्रत्येक आईला मी एक गोष्ट सांगते. आतडं शांत झाल्याशिवाय हाडं भरत नाहीत. डी-थ्रीची, म्हणजे ड जीवनसत्त्वाची, पुडी हवीच, पण नुसत्या पुडीवर भागत नाही.

अजून लहान आहे, मोठेपणी भरून निघेल ना?

थोडंफार निघतं, पण त्यावर विसंबू नका. आयुष्यभर पुरणाऱ्या हाडांच्या साठ्यापैकी जवळजवळ ९० टक्के साठा अठराव्या वर्षापर्यंत होऊन जातो. उंची सगळ्यात झपाट्याने वाढते त्या दोनेक वर्षांतच मोठेपणीच्या हाडाचा सुमारे पाव भाग बसतो. ती दोन वर्षं आजार उसळलेला ठेवून घालवली, तर पुढे दुधाचे कितीही ग्लास रिचवले तरी तेवढं भरून येणं कठीण. हे वाचून घाबरून जाऊ नका, पण "बघू पुढच्या वर्षी" असंही म्हणू नका.

सांगलीत एवढं ऊन पडतं, तरी ड जीवनसत्त्व कमी कसं?

ऊन आहे हो, पण मूल उन्हात असतं कुठे? शाळा साडेदहा-अकराला भरते आणि पाचला सुटते. त्वचेत ड तयार करणारे किरण जोरात असतात ते नेमके त्याच वेळात.

आपल्याकडे "कोवळ्या उन्हात बसव" असं सगळे सांगतात. माझ्या सासूबाई रोज सकाळी सातला नातीला गच्चीवर नेऊन बसवायच्या. त्यांच्या मायेला तोड नाही, पण सातच्या उन्हात हवे ते किरण जवळपास नसतातच. सूर्य खाली असला की किरणांना हवेतून लांबचा तिरका प्रवास करावा लागतो आणि कामाचे किरण वाटेतच अडतात. ओळखण्याची सोपी खूण म्हणजे सावली. सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल तेव्हाच ते ऊन कामाचं. सांगलीत सूर्य माथ्यावर येतो साडेबाराच्या सुमारास, आणि ऐन डिसेंबरातही त्या वेळी सावली उंचीपेक्षा आखूडच पडते. थंडीत अकरा ते दोनमधला अर्धा तास, हात-पाय उघडे ठेवून, हे आपल्याकडे जमण्यासारखं आहे. एप्रिल-मेच्या रणरणत्या उन्हात मात्र मुलाला उभं करू नका, तेव्हा थोडा वेळही पुरतो. काचेच्या खिडकीतून आलेलं ऊन ऊब देतं, ड देत नाही. सावळ्या कातडीला गोऱ्या कातडीपेक्षा जास्त वेळ लागतो.

माझं माहेर साताऱ्याचं. तिथे पावसाळ्यात यवतेश्वराच्या बाजूने ढग एकदा उतरले की आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही, महाबळेश्वर-पाचगणीकडे तर विचारूच नका. जून ते सप्टेंबर हे महिने उन्हाच्या हिशेबात धरायचेच नाहीत.

आता महत्त्वाचं. तुमचं मूल अझाथायोप्रिन (आयबीडीची सूज दाबून ठेवणारं एक औषध) घेत असेल तर त्याची त्वचा उन्हाला नाजूक होते, आणि हे औषध वर्षानुवर्षं घेताना त्वचेच्या कॅन्सरची जोखीम थोडी वाढते. अशा मुलाला "उन्हात बस" म्हणण्याआधी डॉक्टरांना विचारा. माझं मत स्पष्ट आहे. आयबीडीच्या मुलात उन्हावर भिस्त ठेवू नये, ऊन खेळता-खेळता मिळेल तेवढं मिळू द्यावं आणि ड औषधातून द्यावं.

रक्ताची तपासणी कोणती आणि आकडा किती हवा?

तपासणीचं नाव २५-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी. '१,२५' असा आकडा असलेली दुसरी एक तपासणी असते, ती महाग असते आणि साठा सांगत नाही, म्हणून चिठ्ठी नीट वाचून घ्या.

मुलांसाठी इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सच्या २०२१ च्या सुधारित सूचना अशा आहेत: २० नॅनोग्रॅमच्या वर पुरेसं, १२ ते २० अपुरं, १२ च्या खाली कमतरता. आयबीडीच्या मुलांत बरेच तज्ज्ञ ३० च्या वर ठेवायला बघतात. लॅबच्या कागदावर मात्र बहुतेक वेळा मोठ्यांचा पट्टा छापलेला असतो. २४ आलं की त्यापुढे ठळक अक्षरांत 'अपुरं' असं येतं आणि आई रडकुंडीला येते. २४ म्हणजे संकट नव्हे. काही लॅब नॅनोमोलमध्ये आकडा देतात, त्याला अडीचने भागलं की नॅनोग्रॅम मिळतात. आकड्याआधी एकक बघा.

आणखी एक. अंगात सूज जोरात असताना हा आकडा असतो त्यापेक्षाही खाली दिसतो. म्हणून आजार उसळलेला असताना आलेल्या आकड्याशेजारी त्याच दिवशीचा सीआरपी (अंगातली सूज दाखवणारी रक्ततपासणी) लिहून ठेवायची सवय लावा.

याच्या जोडीला कॅल्शियम, फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फटेज आणि गरज पडली तर पॅराथायरॉइड हार्मोन बघतात. उपचार सुरू झाल्यावर साधारण तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी, आणि पुढे वर्षातून एक-दोनदा. पहिल्या महिन्यातच पुन्हा करून पैसे घालवू नका.

डी-थ्रीची पुडी रोज द्यायची की आठवड्यातून एकदा?

हा प्रश्न माझ्या जिवाला लागलेला आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

आपल्याकडे सर्रास मिळणाऱ्या पुडीत ६०,००० युनिट असतात. एक वर्षावरच्या निरोगी मुलाची रोजची गरज ६०० युनिट. म्हणजे एका पुडीत शंभर दिवसांची गरज. आठवड्याला एक पुडी दिली तरी रोजचे साडेआठ हजार होतात, आणि तेवढं कमतरतेवरचा उपचार म्हणून ठरावीक आठवडेच देतात.

चार-पाच वर्षांपूर्वी एक गृहस्थ दुकानात आले. आठ पुड्या घेऊन गेले होते, आणि दहाव्या दिवशी आणखी आठ मागत होते. मी विचारलं, "दादा, दोन महिन्यांच्या पुड्या दहा दिवसांत कशा संपल्या?" ते म्हणाले, "मॅडम, रोज एक दुधातून द्यायची ना?" चिठ्ठीवर इंग्रजीत आठवड्यातून एकदा असं घाईत लिहिलेलं होतं, त्यांना ते वाचता आलं नव्हतं, आणि देणाऱ्याने तोंडाने सांगितलं नव्हतं. त्यांचा मुलगा अकरा वर्षांचा. दोन दिवस उलट्या होत होत्या, पाणी पाणी करत होता, शी घट्ट झाली होती. त्यांना वाटत होतं पोटाचा आजारच वाढलाय. मी त्यांना तिथूनच डॉक्टरांना फोन लावायला सांगितला. कॅल्शियम वाढलेलं निघालं, सलाईन लावावं लागलं, आणि मुलगा बरा झाला. तेव्हापासून आम्ही प्रत्येक पुडीवर पेनने वार लिहून देतो, 'रविवार', 'रविवार', 'रविवार'. तुमच्या दुकानदाराकडून हे हक्काने लिहून घ्या.

ड जास्त झाल्याची लक्षणं: उलट्या, भूक जाणं, खूप तहान, सारखी लघवी, बद्धकोष्ठ, मूल गळून जाणं. आयबीडीच्या मुलात ही लक्षणं पोटाच्या नावावर सहज खपून जातात, म्हणून ध्यानात ठेवा. रक्तातला आकडा १०० नॅनोग्रॅमच्या पुढे गेला की धोका सुरू होतो.

बालरोगतज्ज्ञांचा कल आता रोजच्या लहान डोसकडे आहे. रोजचे थेंब किंवा गोळी जमत असेल तर तेच बरं, असं माझंही मत. एखादा दिवस चुकला तरी फार बिघडत नाही, आणि दुप्पट गेलं तरी संकट येत नाही. क्रोन्सच्या मुलांना शोषण कमी असल्यामुळे डोस इतर मुलांपेक्षा जास्त लागू शकतो, तो किती हे रिपोर्ट पाहून डॉक्टर सांगतील. शेजारच्या मुलाच्या चिठ्ठीवरून नव्हे. औषध उपाशीपोटी न देता जेवणाबरोबर द्या, ताटात थोडं तूप किंवा दूध असू द्या, म्हणजे नीट लागू पडतं.

एकदाच ड चं सहा लाख युनिटचं इंजेक्शन घेतलं तर?

मुलाला स्वतःहून मुळीच घेऊ नका. एकदा दंडात गेलेलं औषध परत काढता येत नाही. शोषण अगदीच होत नसेल तेव्हा तज्ज्ञ काय करायचं ते ठरवतील.

ड भरून आलं की आजारही बरा होतो का?

नाही. ड कमी असलेल्या रुग्णांत आजार जास्त वेळा उसळतो असं दिसतं, पण आजार उसळल्यामुळेही ड कमी होतं. ड हे आयबीडीचं औषध म्हणून सिद्ध झालेलं नाही. "डी-थ्री सुरू आहे ना, मग ती दुसरी गोळी कशाला" असं म्हणून मुख्य औषध बंद केलेली घरं मी पाहिली आहेत. तसं करू नका.

स्टेरॉइडने हाडं ठिसूळ होतात म्हणतात. बंद करू का?

अचानक तर कधीच नाही. काही आठवडे प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड घेतलं की शरीराची स्वतःची स्टेरॉइड बनवणारी ग्रंथी झोपी जाते. गोळी एकाएकी थांबवली तर रक्तदाब उतरणं, उलट्या, शुद्ध हरपणं इथपर्यंत जाऊ शकतं. गोळ्या डॉक्टर सांगतील तशा पायरी-पायरीनेच उतरवायच्या.

भीती खोटी नाही, तेही सांगते. स्टेरॉइडमुळे आतड्यातून कॅल्शियम कमी शोषलं जातं, लघवीतून जास्त जातं, आणि हाड बांधणाऱ्या पेशी दबतात. पण रक्त पडतंय, मूल झुरतंय, तेव्हा सूज पटकन खाली आणणारं ते औषध आहे. चूक होते ती त्यावर महिनोन्महिने राहण्यात. स्टेरॉइड कमी केलं की आजार परत उसळतो, पुन्हा वाढवलं, पुन्हा कमी, असं दोनदा झालं की डॉक्टरांना नीट विचारा, "स्टेरॉइड सोडवणारं दुसरं औषध आता सुरू करायचं का?" अझाथायोप्रिन, मेथोट्रेक्सेट, इन्फ्लिक्सिमॅब, अडालिमुमॅब ही त्यातली नावं. इन्फ्लिक्सिमॅब त्याच टीएनएफ-अल्फाला अडवतं ज्याने हाडं बांधणं थांबवलेलं असतं, त्यामुळे त्याने आतड्याबरोबर उंची आणि हाडंही सावरू शकतात. ते सुरू करण्याआधी टीबीची तपासणी होते, आणि आपल्या देशात ती टाळून चालत नाही.

क्रोन्सच्या मुलांसाठी स्टेरॉइडशिवायचाही एक मार्ग आहे, आणि तो आई-वडिलांना फारसा माहीत नसतो. सहा ते आठ आठवडे नेहमीचं जेवण पूर्ण बंद, फक्त डॉक्टरांनी ठरवलेला पातळ पोषण-आहार. लहान मुलांच्या क्रोन्समध्ये याचा गुण स्टेरॉइडच्या तोडीचा येतो, आणि हाडांना अपाय होत नाही, उलट पोषण मिळतं. कोलायटिसमध्ये मात्र हा उपाय चालत नाही.

आमच्या घरी हे केलं तेव्हा मधे गणपती आले. घरभर उकडीच्या मोदकांचा वास, आणि माझी लेक स्टीलच्या पेल्यात ते व्हॅनिलाच्या वासाचं पांढरं पाणी घेऊन पाटावर बसलेली. तिने आरतीनंतर मोदक हातात घेतला, वास घेतला आणि भावाच्या ताटात ठेवला. मी स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसले. सातव्या आठवड्यात तिचं वजन तीन किलोंनी वाढलं होतं. सोपं नाही, पण जमतं.

कॅल्शियम किती लागतं, आणि आपल्या जेवणातून मिळतं का?

आयसीएमआरच्या २०२० च्या आकड्यांप्रमाणे रोज ४ ते ६ वर्षांना ५५० मिलिग्रॅम, ७ ते ९ ला ६५०, १० ते १२ ला ८५०, १३ ते १५ ला १००० आणि १६ ते १८ ला १०५०.

आपल्या जिल्ह्यातलं रोजचं ताट म्हणजे ज्वारीची भाकरी, डाळ, भाजी. चांगलं ताट आहे, पण कॅल्शियमला तोकडं. १०० ग्रॅम ज्वारीच्या पिठात जेमतेम ३० मिलिग्रॅम असतं, तर तेवढ्याच नाचणीच्या पिठात साडेतीनशेच्या आसपास. आठवड्यातले तीन-चार दिवस भाकरी नाचणीची करा, किंवा सकाळी नाचणीच्या सत्त्वाची पेज द्या. एक पेला दुधातून सुमारे २४० मिळतं. वाटीभर दही, ताक, पनीर हेही मोजा. दोन-तीन चमचे बिनसोललेल्या तिळाच्या चटणीतून शंभर-सव्वाशेची भर पडते. खाणाऱ्या घरांत काट्यासकट खाल्ले जाणारे छोटे सुके मासे उत्तम. पालकात कॅल्शियम दिसतं, पण त्यातलं ऑक्झॅलेट ते धरून ठेवतं, त्यामुळे पालकाच्या भरवशावर राहू नका.

आतडं कुठे अरुंद झालेलं असेल तर तीळ, सालं, चोथा अडकू शकतो. अशा मुलाला गाळलेलं सत्त्वच द्या आणि चटणी टाळा.

ड मात्र जेवणातून भागत नाही. एका अंड्याच्या बलकात चाळीसेक युनिट असतात. हिशेब तुम्हीच करा.

"पोटाचा आजार आहे, दूध बंद करा" असं सगळे सांगतात. करू का?

सरसकट नाही. लहान आतडं सुजलेलं असताना दुधातली साखर पचवणारं द्रव्य कमी पडतं, तेव्हा दुधाने पोट फुगतं, जुलाब होतात. सूज उतरली की बऱ्याच मुलांना दूध पुन्हा चालतं. मधल्या काळातही दही, ताक, पनीर बहुतेकांना सोसतं. ज्याला दुधाने काही होत नाही त्याचं दूध केवळ नावाला पोटाचा आजार आहे म्हणून काढून घेणं मला अन्यायाचं वाटतं. एकतर मूल चार गोष्टीच खातं, त्यातली एक आपण हिरावतो.

गोळी घ्यायची तर कोणती आणि कधी?

डबीवर ठळक अक्षरांत '१२५० मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट' लिहिलेलं असतं. त्यात खरं कॅल्शियम ५००. बारीक अक्षरांतला आकडा वाचा. एका वेळी ५०० पेक्षा जास्त नीट शोषलं जात नाही, म्हणून डोस विभागून आणि जेवणाबरोबर द्यायचा. बऱ्याच मुलांना रक्त कमी म्हणून लोहाचं औषधही चालू असतं. लोह आणि कॅल्शियम एकत्र दिलं तर लोह शोषायला कॅल्शियम आडवं येतं. दोन तासांचं अंतर ठेवा. आमच्याकडे लोह सकाळी, कॅल्शियम रात्रीच्या जेवणाबरोबर. जेवणातून पुरेसं मिळत असेल तर गोळीची गरजच नाही.

कॅल्शियमने मुतखडा होईल अशी भीती वाटते.

क्रोन्समध्ये, विशेषतः आतड्याचा शेवटचा भाग काढलेला असेल तर, मुतखड्याची शक्यता असते खरी. पण तिथे कारण बहुधा ऑक्झॅलेट असतं, आणि जेवणाबरोबर घेतलेलं कॅल्शियम ते ऑक्झॅलेट आतड्यातच बांधून टाकतं. म्हणून घाबरून कॅल्शियम बंद करू नका, पाणी भरपूर पाजा. आतड्याचा तो भाग काढलेल्या मुलाचं बी-१२ ही तपासत राहा.

आधी टीबी समजून सहा-नऊ महिने औषधं दिली होती. त्याने हाडांवर परिणाम होतो?

आपल्याकडे ही गोष्ट अनेक घरांत घडते. आतड्याचा टीबी आणि क्रोन्स दोघेही लहान-मोठ्या आतड्याच्या सांध्यावरच बसतात, दुर्बिणीतून सारखेच दिसतात, आणि बायोप्सीतही कधीकधी उलगडा होत नाही. त्यामुळे आधी टीबीचा उपचार करून बघणाऱ्या डॉक्टरांना दोष देऊ नका. आमच्याकडेही तसंच झालं. पण त्यातलं रिफॅम्पिसिन ड जीवनसत्त्व लवकर मोडून टाकतं. असा कोर्स झालेला असेल तर नव्या डॉक्टरांना तारखांसह सांगा आणि ड तपासून घ्या. फिट्सची काही औषधंही असंच करतात.

हाडांची घनता मोजणारा डेक्सा स्कॅन कधी करायचा? त्याचे किरण घातक नाहीत ना?

किरण अगदी थोडे, छातीच्या एक्स-रेपेक्षाही कमी. दुखत नाही, टेबलावर काही मिनिटं पडून राहायचं. वाढ खुंटली असेल, स्टेरॉइड बरेच महिने झालं असेल, वयात येणं लांबलं असेल, किंवा किरकोळ पडण्याने हाड मोडलं असेल तर डॉक्टर करायला सांगतात.

अडचण येते ती रिपोर्टमध्ये. मोठ्यांच्या रिपोर्टात टी-स्कोअर असतो, तो तिशीतल्या माणसाशी तुलना करतो. दहा वर्षांच्या पोराची तिशीतल्या बाईशी तुलना करून "ऑस्टिओपोरोसिस" लिहिलेला कागद मी पाहिलेला आहे. मुलांसाठी झेड-स्कोअर हवा, त्याच वयाच्या आणि लिंगाच्या मुलांशी तुलना करणारा. त्यातही आयबीडीचं मूल बुटकं असेल तर आकडा उगाच कमी येतो, म्हणून उंचीचा हिशेब धरून वाचावा लागतो. जाण्याआधी फोन करून विचारा, "तुमच्या मशीनमध्ये लहान मुलांचे संदर्भ आकडे आहेत का?" कमरेचे मणके आणि डोकं वगळून पूर्ण शरीर, एवढंच मोजायचं. आणि नुसत्या आकड्यावरून मुलाला ऑस्टिओपोरोसिसचं लेबल लावत नाहीत, हाड मोडण्याचा इतिहासही लागतो.

मुलाची पाठ दुखते. दप्तराच्या ओझ्याने असेल?

असेलही. पण स्टेरॉइड घेणाऱ्या किंवा घेतलेल्या मुलाची पाठ दुखली तर ते दप्तरावर ढकलून मोकळं होऊ नका. मूल पडलेलं नसतानाही मणका दबू शकतो, आणि कधीकधी दुखतही नाही. बाजूने काढलेल्या साध्या एक्स-रेत कळतं. तोपर्यंत पाठ चोळणं, रगडणं, हाडवैद्याकडून मणका बसवून घेणं नको. माझी हात जोडून विनंती आहे. दबलेल्या मणक्यावर जोर पडला तर नुकसान कायमचं होऊ शकतं. अशा वेळी हाडं भरायची वेगळी औषधं असतात, बिस्फॉस्फोनेट म्हणतात, पण ती मुलांत फक्त तज्ज्ञांच्या देखरेखीखाली.

उंची वाढत नाही, हा हाडांचाच प्रश्न का?

हाडांचा, आतड्याचा, जेवणाचा, सगळ्यांचा मिळून. पाच वर्षांपासून वयात येईपर्यंत मूल वर्षाला पाच-सहा सेंटिमीटर वाढतं. चारच्या खाली आलं तर कारण शोधायचं. क्रोन्समध्ये काही मुलांची उंची पोट दुखायला लागण्याआधीच थांबलेली असते.

आमच्या आतल्या खोलीच्या चौकटीवर पेन्सिलच्या रेघा आहेत. लेकीच्या आठव्या आणि नवव्या वाढदिवसाच्या रेघांमध्ये माझं करंगळीचं टोकही मावत नाही. रोज त्याच दारातून जात होतो आणि कुणाच्या लक्षात आलं नाही. आपली अंगकाठीच बारीक, असं म्हणत राहिलो. तुम्ही दर तीन महिन्यांनी, अनवाणी, टाचा भिंतीला लावून मोजा आणि तारीख घाला. मुलीला तेराव्या वर्षापर्यंत छातीत बदल नाही, मुलाला चौदाव्यापर्यंत काही खुणा नाहीत, तर डॉक्टरांना सांगायला लाजू नका. त्यावरूनच ते हाडांच्या वयाचा एक्स-रे सांगतील.

खेळू द्यायचं का? पीटीच्या सरांना काय सांगायचं?

आजार शांत असेल आणि मणके ठीक असतील तर खेळलंच पाहिजे. हाडांना धक्का आणि भार लागतो. दोरीवरच्या उड्या, लंगडी, खो-खो, पळणं, जिने चढणं, शनिवारी अजिंक्यताऱ्यावर चढून जाणं, हे सगळं चांगलं. कृष्णेत पोहण्याने दम आणि स्नायू वाढतात, पण पाण्यात शरीराचा भार हाडांवर पडत नाही, म्हणून पोहण्याला उड्यांची जोड द्या. कबड्डी, कुस्ती यांत आदळणं-उचलणं असतं, तेवढं डॉक्टरांना विचारून.

आजार उसळला असेल तेव्हा जबरदस्ती नको. घरातल्या घरात उठणं-बसणं, दहा पावलं, तेवढं पुरे.

शाळेला आम्ही वर्षाच्या सुरुवातीला साध्या मराठीत चिठ्ठी देतो: मुलीला आतड्याचा आजार आहे, तो संसर्गजन्य नाही, तिला न विचारता बाथरूमला जाऊ द्यावं, मैदानावर सगळ्यांबरोबर घ्यावं, पाठ दुखते म्हणाली तर लगेच थांबवून आम्हाला फोन करावा. पहिल्या वर्षी पीटीच्या तासाला तिला वर्गात एकटीला बसवून ठेवत. त्यांना वाटलं तिची काळजी घेतोय. चिठ्ठी गेली त्या आठवड्यात ती खो-खोच्या खांबाला हात लावून घरी आली, गुडघे मातीने माखलेले, आणि फ्रॉक धुऊ नकोस म्हणाली.

हे सगळं किती वर्षं करायचं?

आजार राहील तोवर आतड्याकडे लक्ष, उंची पूर्ण होईपर्यंत हाडांकडे विशेष लक्ष. मोठ्यांच्या डॉक्टरांकडे फाईल देताना ड चे सगळे आकडे, डेक्साचे रिपोर्ट, स्टेरॉइड कधी सुरू आणि कधी बंद, आणि उंची-वजनाचा तक्ता एकत्र लावून द्या. आमची फाईल निळ्या कापडात बांधलेली आहे. पुण्याची पहाटेची गाडी पकडताना आधी ती पिशवीत जाते, मग डबा.